नऊ नंबरचा बेड

(माहितीपटाचं निवेदन. मेडिसिन वॉर्ड, सकाळचे पावणेआठ)

नाइट संपत आली, तरी सिस्टर अजून बसलेल्या नाहीत. ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती, उभ्यानंच द्यायची, तीही पेशंटच्या कॉटपाशी. सकाळपाळीच्या दोघी वही घेऊन मागोमाग. सलाईन किती वाजता लावलं, लघवी किती झाली, कुणाचं रक्त तपासणीला गेलंय आणि रिपोर्ट अडकलाय. नऊ नंबरपाशी पावलं थांबतात.

(रात्रीचं चित्रीकरण, नर्सिंग स्टेशन)

पहाटे इथूनच फोन गेला होता. “सर, नऊ नंबरचे पेशंट बरे दिसत नाहीत,” एवढंच सांगितलं, तर दुसऱ्या वॉर्डात अडकलेले निवासी डॉक्टर “बघतो” म्हणून फोन ठेवणार. मग पुन्हा फोन, पुन्हा संकोच, आणि मधल्या वेळात धडधड सिस्टरची. म्हणून बोलण्याचा क्रमच ठरवून घेतलाय. ऐका.

“सर, नऊ नंबर, न्यूमोनियाचे आजोबा. अर्ध्या तासात रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९४ टक्क्यांवरून ८८ वर आलंय. श्वास मिनिटाला ३२. ऑक्सिजन वाढवलाय. तुम्ही आत्ता यायला हवं.”

काय घडतंय, पेशंट कशासाठी दाखल आहे, मला काय दिसलं, तुमच्याकडून काय हवंय. ही पद्धत, ‘एसबार’ (SBAR, या चार टप्प्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं), मूळची अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतली. कोलोरॅडोतल्या कैसर परमनंटे या आरोग्यसेवा संस्थेतल्या मंडळींनी ती रुग्णसेवेत आणली. फोनवर मिळालेली ऑर्डर सिस्टर लिहून घेतात, डोससकट परत वाचून दाखवतात. पलीकडून “बरोबर” आलं की मगच फोन खाली.

(भिंतीवरचा फलक)

हे ताणमुक्ती शिबिराचे फोटो. शिबिराला नावं ठेवायचं कारण नाही. पण नाइट करून आलेल्या बाईला प्राणायामाला बसवण्याआधी तिचा फोन पहिल्या वेळीच नीट ऐकला गेला, तर निम्मं ओझं तिथंच उतरेल. उरलेलं मनुष्यबळाचं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, म्हणजे एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. पडद्यावरच्या खाटा मोजा, मग सिस्टर मोजा. आजारपणं, चुका, राजीनामे याच हिशेबातून येतात.

(राउंड)

युनिटचे प्रमुख नऊ नंबरपाशी आलेत. केस पेपर निवासी डॉक्टरांच्या हातात आहे, पण पहिला प्रश्न सिस्टरना.

“रात्र कशी गेली?”

त्या सांगतात, आणि न विचारता एक भर घालतात: कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, पाच दिवसांचं झालंय, आता गरज दिसत नाही. डॉक्टर मान डोलावतात. कॅथेटर आजच निघेल.

राउंड दहा नंबरकडे.