खाल्ल्या मिठाची गोष्ट

[काळा पडदा. पत्र्याचं झाकण आपटल्याचा आवाज.]

कचऱ्याचा एक मोठा डबा. त्यातून पोलिसाच्या वेशातला एक माणूस वर येतो. चेहरा अगदी सरळ, जणू पत्रकार परिषदच घ्यायला उभा राहिलाय. पोलिसांची बाजू मांडून झाली, की स्वारी पुन्हा डब्यात.

तारीख १४ फेब्रुवारी २०२०. शहर हाँगकाँग. आदल्या वर्षीची आंदोलनं, अश्रुधूर, लाठ्या हे सगळं अजून ताजं होतं. त्यात करोना येऊन ठेपलेला. एका मास्कच्या खोक्यासाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे. अशा दिवसांत डब्यातला तो पोलीस जे सांगत होता त्याचा मथितार्थ एवढाच, की दवाखान्यात संरक्षक कपड्यांची चणचण आहे, पोलिसांकडे मात्र भरपूर आहेत.

भूमिका करत होता अभिनेता वाँग हेई. टीव्हीवरच्या या विडंबन कार्यक्रमाचं नाव थाऊ-थिऊ सान-मान, म्हणजे ठळक बातमी. इंग्रजीत हेडलायनर.

[जुनी चित्रफीत. एप्रिल १९८९. हाँगकाँगचं बंदर.]

हा कार्यक्रम सुरू झाला एप्रिल १९८९ मध्ये. शहरावर तेव्हा ब्रिटिशांचं राज्य होतं आणि ते आठ वर्षांनी चीनच्या ताब्यात जाणार हे ठरलेलं होतं. त्याच एप्रिलमध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात विद्यार्थी जमायला लागले. हसवायला मुहूर्त काही फार बरा नव्हता.

कार्यक्रम कुणाचा? इथेच खरी गंमत आहे. तो बनवत होती रेडिओ टेलिव्हिजन हाँगकाँग, म्हणजे आरटीएचके. हे सरकारचंच एक खातं. प्रमुख सरकारी अधिकारी, पैसा सरकारी तिजोरीतला. आणि काम काय, तर दर आठवड्याला त्याच सरकारची टर उडवायची.

आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या राजाला तोंडावर चार गोष्टी सुनावतो आणि राजा ऐकून घेतो. पण तो राजा वगातला असतो. इथला राजा खराखुरा होता, आणि सोंगाड्याचा पगारही त्याच्याच सहीनं निघत होता.

[बातम्यांची दृश्यं. मध्येच जुन्या कृष्णधवल सिनेमाचा तुकडा.]

त्यांची हातोटी बघा. आठवड्याच्या बातम्यांतून एखाद्या मंत्र्याचं वाक्य उचलायचं, आणि त्याला उत्तर द्यायला जुन्या कँटोनीज सिनेमातलं पात्र आणून उभं करायचं. दोघांमध्ये चाळीस वर्षांचं अंतर, पण संवाद असा जुळतो की मंत्री आणि ते पात्र एकाच खोलीत बसलेत असं वाटावं. निवेदकाला वेगळी टीका करावीच लागत नाही. कात्री काम करते.

मग नकला. सूत्रधार न्ग ची-सम चीनच्या शेवटच्या, चिंग राजघराण्यातल्या राजमातेचा थाट करून येत. भरजरी झगा, डोक्यावर तो भला थोरला मुकुट. पडद्याआडून राज्य चालवणाऱ्या राजमातेची आठवण चिनी माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही. बोलणं दरबाराचं, विषय कालच्या बातमीचा. त्यांच्या जोडीला असत त्सांग ची-हो.

आणि शब्दांचे खेळ. त्या डब्यातल्या पोलिसाच्या सदराचंच नाव घ्या. 'गिंग-फोंग' म्हणजे पोलीस. त्यातलं 'गिंग' बदलून तिथे जवळजवळ तसंच ऐकू येणारं, पण 'भ्यालेला' या अर्थाचं अक्षर बसवलं. एका अक्षरात पोलीस घाबरट झाले! यातला विनोद भाषांतरात निम्मा सांडतो, याची आम्हाला कल्पना आहे. वर आणखी एक चिमटा: पोलिसांचा अधिकृत टीव्ही कार्यक्रम पोलिसांबरोबर कित्येक वर्षं आरटीएचकेच बनवत होती. असली आणि नकली, दोन्ही एकाच घरातून.

[मार्च १९९८. बीजिंग.]

सत्तांतराला वर्षही झालं नव्हतं. बीजिंगच्या राजकीय सल्लागार परिषदेत हाँगकाँगचे प्रतिनिधी शू सिमिन यांनी तोफ डागली. सरकारी पैशावर चालणारी संस्था सरकारचीच खिल्ली उडवते, हे कसं चालतं? आपल्या भाषेत सांगायचं तर ही माणसं खाल्ल्या मिठाला जागत नाहीत.

हाँगकाँगमध्ये गदारोळ उठला. मुख्य सचिव अॅन्सन चॅन यांनी उलट शू यांनाच सुनावलं, की हाँगकाँगचा प्रश्न बीजिंगमध्ये जाऊन मांडणं बरोबर नाही. त्या वेळी कार्यक्रम वाचला.

मुद्दा मात्र तिथेच राहिला. मीठ नेमकं कुणाचं? सरकारचं, की सरकारकडे कर भरणाऱ्या लोकांचं? २००१ मध्ये या मंडळींनी प्रशासकीय प्रमुख तुंग ची-ह्वा यांच्या सरकारची तुलना तालिबानशी केली, तेव्हा पुन्हा तोच वाद पेटला. खरं सांगायचं तर तालिबानची ती उपमा जरा जास्तच झाली होती. पण दरवेळी नेम धरून बसणारा विनोद आठवड्याला एक या हिशेबानं कुणाला जमलाय?

[१९ मे २०२०. कागदावर शिक्का.]

डब्यातल्या पोलिसाविरुद्ध हजारो तक्रारी गेल्या. पोलीस आयुक्तांनीही निषेध नोंदवला. १९ मे रोजी टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या दळणवळण प्राधिकरणानं ठपका ठेवला, की कार्यक्रमानं पोलिसांचा अपमान केला. आरटीएचकेनं निर्णय मान्य केला, दुखावलेल्यांची माफी मागितली आणि हा हंगाम संपला की कार्यक्रम स्थगित करू असं जाहीर केलं.

शब्द होता 'स्थगित'. सरकारी कागद ज्यांनी पाहिलेत, त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

शेवटचा भाग शुक्रवारी, १९ जून २०२० ला दाखवला गेला. वय वर्षं एकतीस. त्यानंतर अकराच दिवसांनी, ३० जूनच्या रात्री, हाँगकाँगमध्ये बीजिंगनं केलेला, सत्तेला विरोध करणाऱ्यांना कडक शिक्षेचा धाक घालणारा राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला.

[संगणकाचा पडदा. एक एक चित्रफीत नाहीशी होते.]

मे २०२१. आरटीएचकेनं आपल्या यूट्यूब आणि फेसबुकवरचे वर्षाहून जुने कार्यक्रम काढून टाकायला सुरुवात केली. हे कळताच कुणी न सांगता लोक कामाला लागले. दिवसरात्र जागून मिळेल तो भाग उतरवून घ्यायचा, साठवायचा, दुसऱ्याला द्यायचा.

राजमातेचा मुकुट, सिनेमातल्या पात्रांशी बोलणारे मंत्री आणि तो कचऱ्याचा डबा, यातलं जे हाती लागलं ते आता घरोघरच्या हार्ड डिस्कवर आहे. कुणी झाकण उघडलं, की वाँग हेई पुन्हा वर येतो.

[झाकणाचा आवाज. काळा पडदा.]