दुसऱ्या सीटच्या जागी माल

[दृश्य : वर्कशॉपच्या दारात उभी टँडम सायकल. कॅमेरा पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सावकाश सरकतो.]

दोन सीट, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या. चाकं मात्र दोनच. ही टँडम. पुढचा माणूस हँडल, ब्रेक आणि गिअर सांभाळतो. मागचा नुसता पायडल मारतो, त्याच्या हातातलं हँडल वळत नाही. आता हिच्यावर एकच माणूस बसणार आहे. मागच्याच्या जागी येणार आहेत कांदे-बटाट्यांच्या पिशव्या, पुस्तकांचे गठ्ठे, गॅसचं सिलिंडर, जे न्यायचं असेल ते. आणि या सगळ्या कामात ग्राइंडर कुठेही लागणार नाही. टँडमची एकही नळी कापायची नाही, हा आमचा हट्ट आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

माल वाहायला टँडमच का? तिच्या लांबीमुळे. साध्या सायकलीच्या दोन्ही चाकांच्या आसांमध्ये मीटरभर अंतर असतं, काळ्या रोडस्टर सायकलीत थोडं जास्त. टँडममध्ये तेच पावणेदोन मीटरच्या आसपास जातं. ही वाढलेली जागा सगळी चालवणाऱ्याच्या पाठीमागे आणि मागच्या चाकाच्या पुढे असते. ओझ्यासाठी सायकलवर याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

नेहमीचं कॅरिअर मागच्या आसाच्या डोक्यावर असतं, सामान लांब असलं तर त्याच्याही मागे लोंबतं. भरलेली गोणी तिथे बांधून चढावर निघालात की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल हातात डळमळायला लागतं. टँडमवर तेच ओझं दोन चाकांच्या मध्ये बसतं. चढ आला तरी पुढचं चाक रस्ता सोडत नाही.

[दृश्य : मागचं चाक उलट्या सायकलीवर फिरतंय. हाताने एकेक आरा दाबून पाहिला जातोय.]

फ्रेम दोन माणसांसाठी बनलेली आहे, म्हणून मागे एका माणसाच्या वजनाइतका माल सहज चालेल, असा हिशोब मनात येतो. हा हिशोब अपुरा आहे. खड्डा दिसला की माणूस नकळत सीटवरून थोडा उठतो, गुडघ्यात धक्का झेलतो, वळणावर सायकलसोबत झुकतो. गोणी यातलं काहीच करत नाही. प्रत्येक खड्ड्याचा पुरा दणका ती चाकाला देते. म्हणून मागे बसणाऱ्या माणसापेक्षा माल कमीच ठेवावा, आणि रस्ता खराब असेल तर आणखी कमी.

तुटायचं झालं तर पहिला तुटतो तो मागच्या चाकाचा आरा. टँडमच्या चाकाला आरे जास्त असतात, ते यासाठीच. आपल्याकडच्या काळ्या सायकलीतही पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 आरे देण्याची जुनी पद्धत आहे, कारण दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांचं ओझं मागे. मालवाहू टँडमच्या मागच्या चाकाला 36 पेक्षा कमी आरे असतील तर आधी चाक बदला, बाकीचं काम नंतर. आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुगणारा वाकडेपणा, काढून घ्या. नवे ताणलेले आरे ओझ्याखाली बसतात, सैल पडतात.

[दृश्य : ब्रेकचे रबर, भिजलेली रिम.]

मग ब्रेक. ही गोष्ट लोक शेवटी करतात, आणि ते मला फार खटकतं. भरलेली टँडम उतारावर वेग घेते तेव्हा तिला थांबवणं हे साध्या सायकलीपेक्षा फार वेगळं काम आहे. दिवे घाटासारख्या लांब उतारावर रबरी ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, इतकी की आतली ट्यूब फुटू शकते. पावसाळ्यात स्टीलची रिम भिजली की रबर नुसतं घसरत राहतं. म्हणून रिम ॲल्युमिनियमची हवी, आणि जमत असेल तर मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये, ड्रम ब्रेक किंवा डिस्क ब्रेक. जुन्या टँडमना दोन नेहमीच्या ब्रेकशिवाय तिसरा, लांब उतारावर वेग धरून ठेवणारा ड्रम ब्रेक लावत, तो उगीच नाही.

[दृश्य : मागची सीट, मागचं हँडल आणि मागचे क्रँक (पायडल ज्यांच्या टोकाला असतं ते दांडे) काढून जमिनीवर कापडावर मांडलेत.]

आता माल ठेवायचा कसा? मागची सीट काढून तिच्या जागी फळी ठोकावी, हे पहिल्यांदा सुचतं. पण तसं केलं तर ओझं कमरेच्याही वर जातं, आणि सायकल थांबताना एका बाजूला कलली की सावरता येत नाही. टँडमच्या मधोमध आडव्या नळ्या असतात, त्यामुळे माल मध्ये खाली सोडता येत नाही. तो दोन्ही बाजूंना वाटून टांगायचा. बंजाऱ्यांच्या तांड्यातले बैल मीठ आणि धान्य असंच वाहायचे, पाठीच्या दोन्ही अंगांना बरोबरीने लोंबणाऱ्या गोण्यांमध्ये.

इथे तेच केलंय. मागच्या सीटच्या उभ्या नळीला आणि मागच्या आसाजवळच्या भोकांना पट्ट्या आणि बोल्टने एक सांगाडा जोडलाय. नळ्यांभोवती जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत, म्हणजे पट्टी रंग खात नाही आणि जागची सरकतही नाही. सांगाड्याला खाली, दोन्ही बाजूंना, टेकण म्हणून लाकडी पाट आहेत. जड वस्तू या पाटांवर, हलकं आणि फुगीर सामान वर. जड माल मागच्या आसाच्या पुढेच राहायला हवा, हे मात्र पट्टे आवळताना दर वेळी पाहावं लागतं.

[दृश्य : चेन. उजवी बाजू, अगदी जवळून.]

चेनचं काम मला सगळ्यात आवडतं. टँडममध्ये दोन चेन असतात. डावीकडची पुढच्या आणि मागच्या पायडलना एकत्र बांधते, उजवीकडची मागच्या क्रँकपासून चाकाला फिरवते. मागचे क्रँक तसेच ठेवले तर माणूस नसतानाही ते फिरत राहतात आणि टांगलेल्या पिशव्यांना आदळतात. नुसती पायडल काढून भागत नाही. म्हणून डावी चेन आणि चारही क्रँक काढले, आणि पुढच्या माणसासाठी साध्या सायकलीचे क्रँक बसवले, ज्यांना उजवीकडे चेनव्हील, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, असतं. आता तिथून एकच लांब चेन थेट मागच्या चाकापर्यंत जाते.

किती लांब? दोन क्रँकमधलं अंतर सुमारे 70 सेंटिमीटर. चेन वरून जाते आणि खालून परत येते, म्हणजे 140 सेंटिमीटर जास्त लागली. एक कडी 12.7 मिलिमीटरची, तेव्हा साधारण 110 कड्या. बाजारात चेन मिळते ती बहुधा 116 कड्यांची. थोडक्यात, आणखी एक अख्खी चेन विकत घेऊन जोडायची. एवढी लांब चेन झोल खाते, खडबडीत रस्त्यावर फटके मारते. तिच्याखाली, जिथे मागचा क्रँक होता त्या जागी, एक छोटी दातेरी पुली बसवली की ती शांत धावते.

[दृश्य : भरलेली टँडम स्टँडवर. हँडलजवळची स्प्रिंग.]

उभी करताना दोन गोष्टी लागतात. एक, दोन पायांचं रुंद स्टँड, तेही ओझ्याच्या बरोबर खाली. दुसरी, पुढच्या चिमट्यापासून फ्रेमच्या तिरप्या नळीपर्यंत ताणलेली स्प्रिंग. ती नसेल तर माल भरताना हँडल अचानक वळतं आणि सायकल आडवी होते.

वळणं मोठी घ्यावी लागतात. पेठेतल्या बोळात ही जागच्या जागी वळणार नाही, उतरूनच वळवायची.

[दृश्य : फ्रेमच्या जोडांवरून फिरणारा कॅमेरा.]

आता त्या न कापण्याच्या हट्टाबद्दल. टँडम कापून मालवाहू करणारे बरेच आहेत. पुढचा भाग कापून तिथे खोकं बसवायचं, चालवणाऱ्याने मागच्या जागी बसायचं आणि लांब सळईने पुढचं चाक वळवायचं, म्हणजे डेन्मार्कच्या लाँग जॉनची धाटणी. ती सायकल उत्तम असते. पण तशी हवी असेल तर ती नवी बनवावी, त्यासाठी टँडम मोडू नये.

न कापता काय होऊ शकतं, हे व्हिएतनामने दाखवलंय. 1954 च्या मार्च ते मे महिन्यांत फ्रेंच सैन्याविरुद्धच्या दिएन बिएन फूच्या लढाईसाठी सुमारे 20 हजार सायकलींवरून रसद गेली. हँडलला बांबू बांधून ते लांब केलं, सीटच्या नळीत दुसरी काठी रोवली, फ्रेमला आधार बांधले, आणि एकेका सायकलवर दोनशे किलोंहून जास्त माल लादून ती हाताने ढकलत डोंगर पार केले. पुढे 1990 च्या दशकात निकाराग्वात काम केलेल्या रॉस इव्हान्स यांनी साध्या सायकलीला मागून बोल्टने जोडायचा एक्स्ट्रासायकल नावाचा जोड आणला, तोही काढता-घालता येणारा.

टँडमच्या बाबतीत मात्र या न कापण्याला आणखी वजन आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी टँडमची मागची सीट म्हणजे सायकल चालवण्याची खरीखुरी संधी. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांना दृष्टी नाही. 2016 साली त्यांनी टँडमवरून मनाली ते लडाखमधली खारदुंग ला खिंड हा प्रवास केला. त्यांच्या ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशनमध्ये दृष्टिहीन आणि डोळस माणसं एकाच टँडमवर बसून सायकल चालवतात. आपल्याकडे टँडम आधीच कमी. त्यातली एक आठवडाभर भाजी वाहते म्हणून रविवारी कुणाला तरी तिच्यावर बसता येऊ नये, हे मला पटत नाही.

[दृश्य : पत्र्याचा डबा. सुटे भाग एकेक करून आत जातात.]

म्हणून काढलेलं सगळं या डब्यात जातं : मागची सीट, हँडल, डावी चेन, चारही क्रँक, मागच्या पायडलची जोडी. क्रँकना पुढचे-मागचे अशा चिठ्ठ्या बांधा. पायडलवर डावं-उजवं लिहा, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि चुकीच्या बाजूला आवळलं तर क्रँकचे आटे जातात. चेनला तेल लावून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. बोल्ट ज्या भोकातून निघाले त्याच भोकात परत पिळून ठेवा. आणि डबा सायकलजवळच ठेवा, माळ्यावर टाकू नका.