रोगाचे नाव आणि रोगाची अवस्था

विद्यार्थी मित्रहो, सोलापुरात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करताना तुमच्याकडे यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणारे कामगार येतील, मान खाली घालून विड्या वळणाऱ्या महिला येतील, आणि त्यांच्या केसपेपरवर पुष्कळदा ‘खांदेदुखी’ एवढेच लिहिलेले असेल. हे रोगाचे निदान नव्हे. खांदा दुखतो असे रुग्ण सांगतो ते लक्षण. तुम्ही हात उचलून पाहता आणि तो ठरावीक अंशापुढे जात नाही, हे चिन्ह. या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिण्याची सवय पहिल्या वर्षापासूनच लागावी, असा माझा आग्रह आहे.

रोग कशामुळे झाला ते इटिऑलॉजी, आणि त्या कारणापासून ऊतींमध्ये बदल कसकसे घडत गेले ते पॅथोजेनेसिस. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आक्रसते. अनेकदा त्याचे नेमके कारण सापडत नाही, पण मधुमेहींमध्ये तो अधिक आढळतो. म्हणून खांदा आखडलेल्या रुग्णाला साखरेविषयी विचारलेच पाहिजे.

सर्वांत जास्त गोंधळ इन्फ्लमेशनविषयी, म्हणजे दाहाविषयी होतो. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चार चिन्हे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली. कार्यहानी हे पाचवे नंतर जोडले गेले. इन्फ्लमेशन म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. घोटा मुरगळला तरी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, आणि भरून येण्याची सुरुवात तिथूनच होते. ही झाली अ‍ॅक्यूट, म्हणजे ताज्या दुखापतीची अवस्था. तिथे दुखऱ्या भागाला जपावे लागते. उलट, अनेक महिने दुखणाऱ्या टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यात, इन्फ्लमेशनच्या पेशी फारशा दिसत नाहीत, कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची रचना मात्र विस्कटलेली असते. त्याला टेंडिनोसिस म्हणतात, आणि त्याला नुसती विश्रांती पुरत नाही, क्रमाक्रमाने वाढवत नेलेला भार द्यावा लागतो. केसपेपरवर सरसकट ‘टेंडिनायटिस’, म्हणजे टेंडनचे इन्फ्लमेशन, असे लिहिणाऱ्याचे उपचारही म्हणूनच चुकू शकतात.

अ‍ॅट्रोफीचेही, म्हणजे स्नायू बारीक होण्याचेही, तसेच आहे. प्लास्टरमध्ये राहून बारीक झालेला स्नायू व्यायामाने बराचसा भरून येतो. नस (मज्जातंतू) तुटल्यामुळे वाळलेल्या स्नायूचे भवितव्य, म्हणजे प्रोग्नोसिस, ती नस पुन्हा जुळून येण्यावर अवलंबून असते.

शेवटी एका शब्दाकडे विशेष लक्ष द्या: कॉन्ट्राइंडिकेशन, म्हणजे उपचार करू नये अशी स्थिती. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णाची एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर ती चोळायला घेऊ नका. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा वेळी हात मागे घ्यावा आणि डॉक्टरांना तत्काळ कळवावे.