‘नाताळ’ शब्दातलं पहिलं अक्षर

मंडळी, सुरुवात शब्दापासून करू. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आपल्याकडे आला. त्याच्यामागे उभा आहे लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मदिवस. नाताळ मुळात पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचा, सण होता की नाही, हा वाद बराचसा याच शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडून बसला आहे. (‘पेगन’ला ‘मूर्तिपूजक’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण मग निम्मं सभागृह आरोपीच्या पिंजऱ्यात जाईल. तेव्हा ‘पेगन’च बरं.)

रोममध्ये इ.स. 354 साली फिलोकालस या सुलेखनकाराने एक पंचांगवजा ग्रंथ तयार केला. मूळ प्रत हरवली, नंतरच्या नकला उरल्या. त्यात 25 डिसेंबरपुढे त्रोटक नोंद आहे: ‘एन. इन्विक्टी’, पुढे रथांच्या 30 शर्यती. हा ‘एन’ म्हणजे नातालिस. ‘अजिंक्याचा जन्मदिवस’, आणि अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असं बहुतेक अभ्यासक वाचतात. त्याच ग्रंथात ख्रिस्ती हुतात्म्यांची यादी आहे, तिचा मजकूर 336 सालापर्यंत मागे जातो. तिच्या आरंभी लिहिलंय की जानेवारीच्या कॅलेंड्सपूर्वी (कॅलेंड्स म्हणजे महिन्याची पहिली तारीख) आठव्या दिवशी ख्रिस्त बेथलेहेमला जन्मला.

हा ‘आठवा दिवस’ मोजताना हमखास चूक होते. रोमन लोक पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मागे मोजत आणि दोन्ही टोकं धरत. म्हणून 31 मध्ये आधी 2 मिळवायचे, मग 8 वजा करायचे: 25. ते 2 विसरलात की 23 तारीख येते.

एकाच ग्रंथात दोन्ही जन्मदिवस सापडले, म्हणून चर्चने सूर्याची तारीख पळवली, असा निकाल लोक लगेच देऊन टाकतात. पण कोणाची तारीख आधीची, हे या ग्रंथावरून ठरतच नाही. शिवाय देवळाच्या प्रतिष्ठापनेच्या वार्षिक दिवसालाही रोमन लोक ‘नातालिस’च म्हणत, तेव्हा हा ‘एन’ देवळाचाही असू शकतो. आणि याच पंचांगात सूर्याचे मोठे खेळ आहेत ऑक्टोबरात, 19 ते 22 तारखेला. शेवटच्या दिवशी शर्यती 36. चर्चने मुद्दाम तारीख घेतली असं स्पष्ट सांगणारी सीरियाक (पश्चिम आशियातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) टीप सापडते खरी, पण ती 12व्या शतकातली. आठशे वर्षांनंतरचा साक्षीदार!

दुसरी बाजू ख्रिस्ती हिशेबाची. इ.स. 200च्या सुमारास तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक ख्रिस्ताचा मृत्यू 25 मार्चला धरतो. पुढे ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन सांगतो की गर्भधारणाही त्याच तारखेची. तिथून नऊ महिने मोजले की 25 डिसेंबर. पूर्वेकडे काहींनी मृत्यू 6 एप्रिलला धरला, त्यावरून 6 जानेवारी येते, आणि आर्मेनियन चर्च आजही जन्मोत्सव त्याच दिवशी करतं. तारीख नुसती उसनी असती, तर पूर्वेकडचा हिशेबही इतका चोख का जुळावा? माझ्या मते हे पारडं जड आहे. तरी सूर्य पुरता मावळला नव्हता. पाचव्या शतकात पोप लिओने नाताळच्या प्रवचनात ख्रिस्ती भाविकांनाच खडसावलं: सेंट पीटरच्या चर्चच्या पायऱ्या चढून जाता आणि मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करता!

चालीरीतींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. सॅटर्नालियात, म्हणजे सॅटर्न देवाच्या सणात, रोमन लोक एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या देत, एरवी बंदी असलेला जुगार उघड चाले, गुलामांना मालकाच्या बरोबरीने मेजवानी मिळे. तारीख मात्र 17 डिसेंबर. सीझरने डिसेंबर 29चा 31 दिवसांचा केला आणि गोंधळ उडाला: कॅलेंड्सपूर्वीचा ‘चौदावा दिवस’ धरून चालणारे 19 तारखेवर गेले, बाकीचे 17वर राहिले. सण लांबत लांबत 23पर्यंत पोचला, 25पर्यंत नाही. भेटी आणि मेणबत्त्या तिथून आल्या असं म्हणायला हरकत नाही, पण मधल्या शतकांतले दुवे हाती द्यावे लागतात.

नाताळच्या झाडाचं तर तसं काहीच नाही. आल्सेसमधल्या (आजच्या फ्रान्सचा पूर्व भाग) सेलेस्टा गावाच्या 1521च्या जमाखर्चात नाताळात झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून राखणदारांना दिलेले पैसे आहेत. 1605च्या स्ट्रासबुर्गमध्ये झाडावर कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ पापडीसारखे वेफर आणि साखर लटकते. 24 डिसेंबर हा आदम-हव्वेचा दिवस, म्हणून सफरचंदं. ‘धर्मप्रसारक बोनिफेसने पेगनांचं झाड तोडलं, तिथेच ख्रिसमस ट्री उगवलं’ ही गोष्ट ऐकली असेल. जर्मनीतल्या गाइस्मारला त्याने तोडला तो ओक, आणि त्याच्या लाकडाचं प्रार्थनागृह बांधलं. जुन्या चरित्रात सूचिपर्णी झाड कुठेच नाही.

खरी सरमिसळ पाहायची तर नॉर्वेला जा. दहाव्या शतकातल्या राजा हाकोनने कायदा केला: पेगनांचा यूल हा हिवाळी सण ख्रिस्ती नाताळाबरोबरच सुरू व्हावा, प्रत्येकाने ठरलेल्या मापाची बिअर गाळावी, नाहीतर दंड भरावा, आणि बिअर संपेपर्यंत सण पाळावा. हे लिहिणारा आइसलंडचा इतिहासकार स्नोरी तेराव्या शतकातला, तेव्हा सीरियाक टिपेला लावलेली कसोटी त्यालाही लागू. पण त्याच्या सांगण्याप्रमाणे इथे तारीख सरकली ती पेगनांची.