फिल्टरच्या कडेची फट

मंडळी, सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला करतो. हवेचा फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे. तंतूंमधल्या जागा कणांच्या मानाने चांगल्या ऐसपैस असतात, तरी कण अडकतात. मोठा कण जड, त्याला हवेबरोबर वळता येत नाही. तो सरळ तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि भरकटता भरकटता तंतूला चिकटतो. निसटतो तो मधला. साधारण 0.3 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण धड जडही नाही आणि धड भरकटणाराही नाही. हेपा या उच्च दर्जाच्या फिल्टरने 99.97 टक्के कण धरायला हवेत, ही परीक्षा म्हणूनच या आकारावर घेतात. ‘त्याहून बारीक कण हेपातून आरपार जातात’ असं कुणी सांगितलं, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

कार्यालयांच्या एएचयूमध्ये, म्हणजे इमारतभर हवा खेळवणाऱ्या पंख्याच्या यंत्रात, हेपा सहसा चालत नाही, पंख्याला तेवढा जोर नसतो. तिथे बोलणं होतं मर्व आकड्याचं, म्हणजे फिल्टर किती बारीक कण किती प्रमाणात धरतो त्या श्रेणीचं. मर्व 8 ठळक धूळ पकडतो. 1 मायक्रॉनखालच्या कणांची हमी तो देतच नाही. मर्व 13 ने मात्र 0.3 ते 1 मायक्रॉनच्या गटातले निदान 50 टक्के कण धरायला हवेत. पन्नासच? पण आतली हवा तासाभरात पुन्हापुन्हा त्याच फिल्टरमधून फिरते, हे विसरू नका.

आता माझा खरा मुद्दा. महागडा फिल्टर आणतात, चौकटीत सरकवतात आणि कडेला बोटभर फट राहते. हवा मोठी आळशी. कमी अडथळ्याची वाट दिसली की तिकडेच वळते. हिशेब करा. हेपातून 10,000 पैकी 3 कण सुटतात. 1 टक्का हवा कडेने गेली, तर आणखी 100 सुटतात. म्हणजे 3 चे झाले 103! तेव्हा पुढच्या वेळी पंखा बंद करून एएचयू उघडा, टॉर्च घेऊन आत डोकवा. फिल्टरच्या मागच्या बाजूला चौकटीवर धुळीचे काळे ओघळ दिसले, तर पैसे आधी गॅस्केटवर, म्हणजे फट बुजवणाऱ्या मऊ पट्टीवर, आणि नीट आवळणाऱ्या क्लिपांवर घाला.

‘जाड फिल्टर लावला की हवा कमी येते’ ही तक्रार खोटी नाही. पण उपाय आहे. घड्या वाढवून फिल्टरच्या कागदाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं, तर कागदातून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा होतो आणि कागदाचा अडथळाही जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून जागा असेल तिथे खोल घड्यांचा फिल्टर घ्या. आणि तो बदलायचा कधी, हे कॅलेंडरला विचारू नका, मॅनोमीटरला, म्हणजे दाबातला फरक मोजणाऱ्या उपकरणाला विचारा. नवा फिल्टर बसवला त्याच दिवशी प्रेशर ड्रॉप (फिल्टरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या दाबातला फरक) किती पास्कल आहे ते चौकटीवरच लिहून ठेवा. धूळ साचत जाते तसा तो आकडा चढतो. आकडा अचानक उतरला तर खूश होऊ नका. बहुधा फिल्टर फाटलाय किंवा जागेवरून हललाय.

मघाशी कुणी तरी कार्बन डायऑक्साइडबद्दल विचारलं. त्यावर यातला एकही फिल्टर चालत नाही. दुपारच्या बैठकीत सगळे पेंगायला लागले, तर बाहेरची हवा आत घेणारी झडप, म्हणजे डॅम्पर, किती उघडा आहे ते आधी बघा; ताजी हवा आली तरच तो वायू कमी होतो. कित्येकदा तो बंदच सापडतो.