काडी मुलाच्या हातात पडण्याआधी

पालकहो, लहान मुलाच्या हातून आग लागली की घरात आणि शेजारात एकच वाक्य ऐकू येतं : "जरा लक्ष ठेवायला नको का?" बहुधा ते आईला उद्देशून असतं. आज मला त्या वाक्याशीच भांडायचं आहे. दूध उतू जातं, दारावर कुरिअरवाला येतो, फोन वाजतो. काडी ओढायला मुलाला तेवढा वेळ पुष्कळ होतो. नुसत्या लक्ष ठेवण्यावर आगीची सुरक्षितता उभी राहूच शकत नाही. आपली जबाबदारी त्याआधीच, घरातल्या वस्तूंच्या जागा ठरवताना सुरू होते. ती घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची आहे. सोफ्यावर लायटर टाकून जाणाऱ्या काकांची आणि समईशेजारी काडेपेटी ठेवणाऱ्या आजोबांचीही.

आधी काडेपेटी घेऊ. आपण वापरतो ती 'सेफ्टी' काडेपेटी. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीवर असतो. त्यामुळे काड्या एकमेकींवर घासून सहसा पेटत नाहीत. पण ही सुरक्षितता अपघाताने पेट घेण्यापुरतीच आहे. तीन-चार वर्षांचं मूल मोठ्यांचं पाहून काडी ओढायला शिकतं. ओढलेली काडी काही सेकंदांत बोटापर्यंत जळत येते, चटका बसतो आणि मूल ती हातातून टाकतं. कुठे पडते? मुलाला हे करायचं नसतं हे ठाऊक असतं, म्हणून ते लपून करतं : पलंगाखाली, पडद्यामागे, मच्छरदाणीत, कपाटाच्या आडोशाला. नेमका तिथेच घरातला सगळा कपडा असतो. फोमची गादी झपाट्याने पेटते आणि तिच्या दाट धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतं. कापसाची गादी वेगळा धोका देते. वरून पाणी मारलं की ती विझल्यासारखी दिसते आणि आत तासन् तास धुमसत राहते. अशी गादी आगीवर ताबा आल्यानंतर बाहेर नेऊन, उसवून, आतला कापूस भिजेपर्यंत पाणी ओतावं लागतं.

लायटर काडीपेक्षा सोपा, म्हणून जास्त वाईट. अमेरिकेत १९९४ पासून लायटरला मुलांसाठी अडसर असणं सक्तीचं झालं. तिथली चाचणी साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांवर घेतात आणि त्यांतल्या किमान ८५ टक्के मुलांना तो पेटवता येता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे कडक नियमातसुद्धा शंभरात पंधरा मुलांना तो जमू शकतो. टपरीवरच्या स्वस्त लायटरला असा अडसर असेल हे धरून चालू नका. पिस्तुलासारखे, प्राण्यांच्या आकाराचे लायटर तर घरात आणूच नका. गॅस पेटवायचा ठिणगीचा लायटर यातल्या त्यात बरा. त्यात इंधन नसतं, फक्त ठिणगी पडते. मात्र गॅस गळत असेल तर ती ठिणगीही पुरते.

ठेवायचं कुठे? सगळे म्हणतात, उंचावर. तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंटिमीटर उंच असतं. हात वर केला की तीन-साडेतीन फुटांवरचं सहज हाताला लागतं, आणि खुर्ची ओढली की पाच फुटांवरचंही. म्हणून उंची आणि बंद दार, दोन्ही हवं. वरच्या कपाटाला मुलांसाठीचं साधं लॅच बसवा. घरात एकच काडेपेटी, तिची एकच जागा, आणि वापरून झाली की हातासरशी परत तिथेच. दिवाबत्तीसाठी वेगळी, इन्व्हर्टर बंद पडला तर म्हणून वेगळी, बाबांच्या पँटच्या खिशात तिसरी, असं असलं की एक नाहीशी झाली तरी कुणाला कळत नाही. ती नाहीशी झाल्याचं कळणं हाच तुमचा पहिला इशारा असतो.

स्वयंपाकघरात मुख्य सवय एक : काम झालं की सिलिंडरच्या रेग्युलेटरचं बटण बंद. शेगडीची बटणं ओट्याच्या पुढच्या कडेला, मुलाच्या तोंडासमोर असतात. दाबून फिरवायचं हे मूल लवकर शिकतं. साध्या शेगडीत त्याने नुसता गॅस सुटतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. आपोआप पेटणाऱ्या शेगडीत थेट ज्योत येते. रेग्युलेटर बंद असेल तर दोन्ही टळतं. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

देवघराबद्दल बोलायला लोक कचरतात, पण बोललंच पाहिजे. खाली मांडलेली समई, निरांजन, उदबत्ती, दिवाळीत उंबऱ्याशी आणि रांगोळीत पणत्या, हे सगळं रांगणाऱ्या मुलाच्या उंचीला असतं. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल त्या काळापुरती समई भिंतीतल्या कोनाड्यात किंवा उंच चौरंगावर न्या. देव रागावणार नाही. कापूर तर दुहेरी धोक्याचा. तो पटकन पेट घेतो आणि पोटात गेला तर विष आहे. प्रसादाच्या खडीसाखरेशेजारी ठेवलेली पांढरी वडी मूल तोंडात टाकतं. थोड्याशा कापरानेही लहान मुलाला झटके येऊ शकतात, तेही लवकर. अशा वेळी उलटी करायला लावू नका, डबी बरोबर घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

आता मुलाशी बोलण्याबद्दल, कारण इथेच आपण सर्वात जास्त चुकतो. तीन वर्षांच्या आत समजावण्यावर विसंबू नका, वस्तू हटवा. तीन ते सहा वर्षांत कुतूहल फार असतं, तेव्हा एकच नियम द्या : काडेपेटी किंवा लायटर दिसला की हात लावायचा नाही, मोठ्यांना येऊन सांगायचं. "आणून दे" असं शिकवू नका. आणता आणता ती हातात येते. मूल सांगायला आलं की हातातलं काम टाकून उठा आणि त्याला शाबासकी द्या. "एकदा चटका बसला की शहाणं होतं" हा समज सोडून द्या. बोटाला बसलेल्या चटक्यातून पडदा कसा पेटतो हे मुलाला कळत नाही.

आणि "काडी पेटवलीस तर हात तोडीन" ही धमकी मुलाचा जीव घेऊ शकते. आग लागल्यावर घाबरलेलं मूल पळत नाही, लपतं. त्याला आगीइतकीच तुमच्या मारची भीती असते. त्याला दहादा सांगा : चुकून काही पेटलं तर ओरडत बाहेर ये, मी मारणार नाही. आणि खरोखरच मारू नका. आगीत मूल दिसत नसेल तर पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात, दारामागे आधी पाहा. खोलीतून बाहेर पडताना तिचं दार ओढून घ्या, म्हणजे धूर आणि आग काही काळ आतच अडते. मग १०१ किंवा ११२. पलंगाखाली जळक्या काड्या, चादरीला छोटी जळकी भोकं असं वारंवार दिसलं तर मार देऊन ते थांबत नाही, बालमानसतज्ज्ञाकडे न्या.

कपडे पेटले तर मूल धावतं आणि वाऱ्याने ज्वाळा वाढतात. ज्वाळा वर, चेहऱ्याकडे जातात, म्हणून त्याला ताबडतोब आडवं पाडा, लोळवा, घोंगडी किंवा जाड सुती चादर गुंडाळा. नायलॉनची चादर नको, ती वितळून चिकटते. आग विझली की भाजलेल्या जागेवर नळाचं वाहतं साधं पाणी, पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटांत मूल शांत झालं की लोक थांबतात. त्वचेच्या आत मात्र उष्णता उरलेली असते. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसून इजा वाढते. पाणी फक्त भाजलेल्या भागावर, बाकीचं अंग पांघरुणात, नाहीतर तान्ह्या बाळाचं अंग गार पडतं. वाळे, मनगट्या, करगोटा सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यातलं काहीही लावू नका. जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही आणि लावलेलं खरवडून काढताना मुलाला पुन्हा यातना होतात. मुलाचा स्वतःचा तळवा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. तेवढं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं यांपैकी काही असेल, किंवा धूर छातीत गेला असेल, तर १०८ बोलवा किंवा रुग्णालयात न्या. दहा टक्क्यांच्या पुढे सलाइनची गरज लागते. भाजलेली जागा पांढरी, चामड्यासारखी आणि न दुखणारी असेल तर हायसं वाटून घेऊ नका. तिथल्या नसा जळलेल्या असतात.

दिवाळीत पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात फुलबाजीही देऊ नका. तिचं तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जातं आणि विझल्यावरही तार तापलेली राहते. अनवाणी पाय तिच्यावरच पडतो. पायात चपला हव्यात, शेजारी पाण्याची बादली हवी आणि प्रत्येक तार बादलीतच गेली पाहिजे. न फुटलेल्या फटाक्यावर कुणीच वाकायचं नाही. किमान वीस मिनिटं थांबून लांबून पाणी ओता. पाइपच्या कार्बाइड बंदुकीला तर पूर्ण बंदी घाला. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास अनेक मुलांचे डोळे तिने जायबंदी केले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. बार उडाला नाही की मूल नळीत डोकावतं आणि त्याच क्षणी तो उडतो.

कायदाही याच बाजूने बोलतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. विस्तवाबाबत निष्काळजीपणा करणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र कलम २८७ लागू होऊ शकतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शेवटी, सुट्टीत गावी जाल तेव्हाचं. तिथे चूल, बंब, गोठ्याजवळचा कडबा आणि अंगणातली शेकोटी असते, आणि घर आपलं नसल्यामुळे बोलायचा संकोच असतो. संकोच करू नका. पोचल्याबरोबर काडेपेटीची जागा विचारा आणि बदलून घ्या. होळीच्या दुसऱ्या दिवशी राख वरून थंड, करडी दिसते, पण खाली निखारे असतात आणि धुळवडीला मुलं त्यातच पाय घालतात. रात्री राखेवर पाणी ओता, काठीने तळापर्यंत ढवळा, पुन्हा ओता. वाफ आणि चुर्र आवाज पूर्ण थांबेपर्यंत हे करायचं, आणि सकाळी मुलांना सोडण्याआधी पुन्हा एकदा ढवळून पाहायचं.