योहान लिओनहार्ड फ्रिश: शब्द आणि किडे

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळींनो, नमस्कार.

‘किरमिजी’ या शब्दापासून सुरुवात करते. अरबी-फारसीतून तो आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी ‘कृमी’ आहे, कारण तो रंग ओकच्या झाडावरच्या किड्यापासून काढत. जर्मनमधला ‘कार्मेसिन’ त्याच घराण्यातला. शब्द आणि किडा असे एकमेकांत गुंतलेले असतात, आणि दोन्हींचा पिच्छा पुरवणाऱ्या एका माणसाबद्दल मला आज बोलायचं आहे.

योहान लिओनहार्ड फ्रिश यांचा जन्म १९ मार्च १६६६ रोजी जर्मनीतल्या सुल्झबाखचा. शिक्षण धर्मशास्त्राचं. तरुणपणी ते पुष्कळ फिरले आणि भाषा गोळा करत गेले. पुढे बर्लिनच्या ‘ग्राउएस क्लोस्टर’, म्हणजे ‘करडा मठ’, या शाळेत शिक्षक झाले आणि शेवटी तिचे प्रमुख. तत्त्वज्ञ आणि गणिती लाइबनिट्स यांना रशियन शिकवली ती त्यांनीच. १७०६मध्ये ते बर्लिनच्या विज्ञान संस्थेचे सभासद झाले.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी कोचिनील किड्याचा लाल रंग बनवत होता. कोचिनीलचा काढा, तुरटी, हिराकस आणि शेवटी साका बसवायला पोटॅश, अशी ती कृती. एके दिवशी घेतलेलं पोटॅश मात्र आधीच एकदा वापरून झालेलं होतं. प्राण्यांच्या रक्तापासून काढलेल्या तेलाचा अंश त्यात उतरला होता. हिराकशीतल्या लोहाशी त्याचा संयोग झाला आणि लालऐवजी गर्द निळा साका बसला. हाच बर्लिन निळा. फ्रिश यांनी तो सुधारण्यात आणि विकण्यात भाग घेतला, आणि १७१०मध्ये संस्थेच्या लॅटिन ग्रंथात त्याची पहिली छापील माहिती आली, तीही कृती गुप्त ठेवून. कृती सर्वांना कळली ती १७२४मध्ये लंडनहून. किड्याचा लाल रंग करायला जावं आणि कायमचा निळा हाती यावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

विज्ञान संस्थेकडे रेशीम तयार करण्याचाही परवाना होता आणि तुतीच्या लागवडीत फ्रिश यांनी लक्ष घातलं. बर्लिनच्या हवेत हे काम किती अवघड, हे आकड्यांतून कळतं. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम अंड्यांतून तीस-चाळीस हजार अळ्या निघतात. त्या चार वेळा कात टाकतात आणि सुमारे चार आठवड्यांत जवळपास एक टन पाला खातात. त्यातला बहुतेक पाला शेवटच्या अवस्थेत, आठवडाभरात फस्त होतो. आता अंडी फुटली आणि मे महिन्यातल्या हिमदवानं तुतीचे कोंब करपले, तर अख्खी पैदास उपाशी मरते. ओला पाला घातला तर अळ्यांना रोग लागतो. आणि नवीन लावलेलं झाड पोटभर पाला द्यायला काही वर्षं घेतं, म्हणजे झाडं आधी, अळ्या मागून. घाई करणाऱ्याचा पैसा इथेच बुडतो.

त्यांचं कीटकांवरचं पुस्तक १७२० ते १७३८ या काळात तेरा भागांत निघालं. त्यात सुमारे तीनशे कीटक आहेत. नावातच ‘उपयुक्त टिपा आणि आवश्यक चित्रे’ असं वचन दिलेलं. हे पुस्तक लॅटिनमध्ये नाही, जर्मनमध्ये आहे. माळी, शेतकरी यांना आपल्या अंगणातला किडा आपल्या भाषेत वाचता आला. सजीवांना शास्त्रीय नावं देणारे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनेयस यांनी पुढे फ्रिशचा हवाला दिला आहे.

तेच शब्दांचं. १७४१चा त्यांचा जर्मन-लॅटिन कोश दोन खंडांचा. खाणकाम, शिकार, कारागिरी यांतले बोलीतले शब्दही त्यात घेतले आहेत आणि जुन्या लेखनातले दाखलेही दिले आहेत. कारागिराच्या तोंडचा शब्द कोशात घालणं हे तेव्हाच्या विद्वानाला सहज सुचणारं नव्हतं, आणि माझ्या मते हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम.

शेवटी भिंगरी या पक्ष्याबद्दल. भिंगऱ्या हिवाळ्यात तळ्यांच्या तळाशी झोपतात, असा तेव्हा समज होता. अगदी लिनेयससुद्धा तो मानत. फ्रिश यांनी भिंगऱ्यांच्या पायांना पाण्यात धुपणाऱ्या लाल रंगात बुडवलेला दोरा बांधला. नुसता दोरा बांधला असता, तर पक्षी परत आला एवढंच कळलं असतं. रंग धुपणारा होता म्हणून प्रश्नाला उत्तर मिळालं: दुसऱ्या वर्षी पक्षी आले, दोरे लालच होते, म्हणजे ते पाण्यात नव्हते. ते गेले कुठे, हे मात्र दोऱ्यानं सांगितलं नाही. युरोपातल्या या भिंगऱ्या आफ्रिकेत जातात, हे पुढच्या काळात कळलं. महाराष्ट्रात हिवाळ्यात तारांवर रांगेनं बसलेल्या माळभिंगऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. जात तीच, मार्ग वेगळा.

२१ मार्च १७४३ रोजी, सत्याहत्तरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, फ्रिश बर्लिनमध्ये वारले. १७३३मध्ये सुरू केलेलं पक्ष्यांचं सचित्र पुस्तक तेव्हा अपुरं होतं. ते मुलांनी हाती घेतलं आणि १७६३मध्ये पुरं केलं.